लादी वाकते, पुट्टी तडकते: हार्डवेअरच्या सामानातून वॉरगेमिंगचं मैदान करताना

वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायचा लढाईचा खेळ. त्याचं मैदान करायला बसलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. लादी म्हणून एमडीएफ फळीचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा आणला, त्यावर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलची टेकडी चिकटवली, घराच्या रंगकामातून उरलेली वॉल पुट्टी वरून फासली. रात्री झोपताना सगळं सपाट आणि गुळगुळीत होतं. सकाळी बघतो तर चारही कोपरे टेबलापासून उचललेले आणि टेकडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. भेगा बुजवायला आणखी पुट्टी लावली, तर दोन दिवसांत भेगा परत आल्या आणि लादी आणखी वाकली. पावसाळ्यात कडेचे पापुद्रे सुटायला लागले ते वेगळंच.

मी डोंबिवलीत राहतो. आम्ही चौघे मित्र महिन्यातून एका रविवारी खेळायला बसतो. दोन वर्षांपूर्वी मराठे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या असईच्या लढाईचं मैदान करायचं ठरलं: दोन फुटी सहा लाद्या, म्हणजे मिळून सहा फूट बाय चार फूट, आणि सैनिक 1/72 मापाचे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे. पहिल्या दोन लाद्या मला टाकून द्याव्या लागल्या. तिसरी वाचली, आणि ती वाचवताना जे कळलं ते इथे लिहितो आहे. तयार टेरेन, म्हणजे विकत मिळणारं मैदानाचं सामान, महाग पडतं हे खरं, पण मी हार्डवेअरच्या दुकानात जातो ते काही तेवढ्यासाठी नाही. रंगारी, गवंडी, सुतार यांचं सामान भिंतीवर, दारावर वर्षानुवर्षं टिकतं. आपल्या लादीवर ते टिकत नसेल, तर ते कसं लावायचं हे त्यांना विचारायचं आपलं राहून गेलेलं असतं.

थोडी वाकली तर काय बिघडलं, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. त्याला मी हिशोब करून दाखवला. कोपरा चार मिलिमीटर उचलला, तर 1/72 मापात ती जवळजवळ एक फुटाची पायरी होते. असईच्या मैदानावर केळणा नदी लाद्यांच्या जोडावरून जाते. नदीच्या पाण्यात मधेच फूटभर उंचीचा बांध दिसायला लागला, तर 23 सप्टेंबर 1803 च्या त्या दिवसाचा सगळा डावच कळेनासा होतो. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली, त्यावरून इंग्रज सेनापती वेलस्लीने ओळखलं की यांच्या मधे नदी पायी ओलांडण्याजोगा उतार असणारच, आणि तिथून फौज पलीकडे नेली. तो उतार लादीवर उतारासारखा दिसायला हवा.

पाणी आत कुठून गेलं, बाहेर कुठून येणार

आपण वापरतो त्यातल्या बहुतेक वस्तूंमध्ये पाणी असतं. फेव्हिकॉलमध्ये, पुट्टीत, डिस्टेंपरमध्ये, कागदाच्या लगद्यात, शाडूत. यातलं बरंचसं पाणी वाळताना उडून जातं आणि जाताना तो थर आकसतो. एमडीएफ म्हणजे लाकडाचा तंतू दाबून केलेली फळी. ती पाणी पिऊन फुगते. तुम्ही वरच्या बाजूला ओली पुट्टी लावली की फळीची वरची बाजू पाणी पिते, लांबते, आणि लादीचा मध्य किंचित वर येतो. हे आपल्या लक्षातही येत नाही. मग पुट्टी आणि फेव्हिकॉल वाळतात, आकसतात, वरची बाजू आतल्या बाजूला ओढतात. आता कोपरे उठतात आणि लादीची परात होते.

पावसाळ्यात यात आणखी एक भर पडते. वरच्या बाजूला रंगाचे, वॉर्निशचे चार हात असतात, तिथून दमट हवा आत जात नाही. खालची बाजू कोरी असते. ती हवेतलं पाणी पीत राहते, फुगते, आणि कोपरे पुन्हा वरच्याच दिशेने उठतात. म्हणून एप्रिलमध्ये सरळ असलेली लादी ऑगस्टमध्ये वाकलेली निघते, आणि आपण दोष देतो नव्या रंगाला.

भेगांचंही कारण हेच. थर जाड असेल तर त्याची वरची कातडी आधी वाळते आणि आकसते, आतला गाभा अजून ओला असतो. कातडीला आकसायला जागा मिळत नाही, ती फाटते. भिंतीवर रंगारी पुट्टीचे दोन हात मारतो ते दोन्ही मिळून जेमतेम दीड मिलिमीटर भरतात. आपण टेकडीचा उतार साधायला एका दमात सहा-सात मिलिमीटर थापतो.

आधी नीट ओळखा

स्टीलची फूटपट्टी घ्या, लादीवर तिरपी ठेवा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे. पट्टीखाली मध्यभागी एक रुपयाचं नाणं सरकतंय का बघा. सरकलं तर परात झाली आहे. पट्टी मध्यावर टेकून कोपऱ्यांवर झुलत असेल तर घुमट झाला आहे. घुमट दिसला तर बहुधा लादी अजून आतून ओली आहे, तिला हात लावू नका, दोन दिवस थांबा. अशा वेळी घाईने वजन ठेवून सरळ करणाऱ्याच्या पदरी नंतर दुप्पट परात येते. मी ते केलेलं आहे.

भेगांचेही दोन प्रकार. केसासारख्या बारीक, सगळीकडे पसरलेल्या भेगा म्हणजे थर फार लवकर वाळला: पंखा, ऊन, किंवा खालच्या कोऱ्या एमडीएफने पाणी ओढून घेतलं. रुंद, एकट्या, खोलवर गेलेल्या भेगा म्हणजे थर जाड होता किंवा खालचा पाया हलला. बोटाने घासून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली तर पुट्टी मुरलीच नाही. पावडरची पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते, तिला घट्ट होण्यासाठीच पाणी लागतं. ते पाणी एमडीएफने पिऊन टाकलं तर उरते ती नुसती भुकटी. बादलीत तयार मिळणाऱ्या ॲक्रिलिक पुट्टीचं तसं नसतं. ती फक्त वाळून घट्ट होते, त्यामुळे ती जाड थरात जास्त आकसते, पण भुकटी होत नाही. दुकानात "पुट्टी द्या" एवढंच म्हटलं तर काहीही हातात येतं, तेव्हा पिशवी वाचून घ्या.

वाकलेली लादी सरळ करणं

थोडी परात असेल, म्हणजे नाणं कसंबसं सरकत असेल, तर खालच्या बाजूने तोच खेळ उलटा करायचा. लादी पालथी घाला, खाली जाड टॉवेल घ्या म्हणजे टेकडीची टोकं मोडणार नाहीत. फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी घालून ते खालच्या बाजूला ब्रशने पूर्ण लावा आणि त्यावर खाकी कागद एकसंध चिकटवा, हवेचे फुगे राहू देऊ नका. कागद वाळताना आकसतो आणि लादीला उलट दिशेने ओढतो. एका थराने भागलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरा थर. वाळताना लादी दोन पट्ट्यांवर आडवी ठेवायची, म्हणजे खालून-वरून सारखी हवा लागते. कडक झाली की मग वर्तमानपत्रं घालून दिवाळी अंकांचे गठ्ठे वर ठेवा, आणि वर्तमानपत्रं रोज बदला, ती ओलावा ओढून घेतात.

नाणं सहज सरकत असेल, दोन नाणी सरकत असतील, तर कागदाने भागत नाही. सुताराकडून एक इंची लाकडी पट्टी आणा, चारी कडांना आणि मधे एक अशी चौकट करा, लादी वजनाखाली दाबलेली असतानाच ती खालून फेव्हिकॉलने आणि बारीक स्क्रूने बसवा. माझी तिसरी लादी अशीच वाचली. वजन थोडं वाढतं, पण उचलताना पकडायला कड मिळते, ती मला आवडते.

नवी लादी करणार असाल तर हे सगळं टाळता येतं, आणि टाळावंच. एमडीएफला वर, खाली आणि चारी कडांना आधी वुड प्रायमर किंवा लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारा. लाखेचं पॉलिश म्हणजे सुतार वापरतात ती चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ती पटकन वाळते आणि पाण्याला अडवते. ती लावताना खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, निरांजन लांब ठेवा, स्पिरिट भडकतं. कडा विसरू नका. एमडीएफ सगळ्यांत जास्त पाणी कडेतून पितं. चिरलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटांनी बघा, तंतू फुगून बोटाला खरखरीत लागतात. तेच आत होत असतं.

ज्यांना एमडीएफच नको त्यांनी पाट्या करणाऱ्यांच्या दुकानात जावं. तिथे पीव्हीसीच्या सनबोर्डचे कापलेले तुकडे उरलेले असतात, पाच मिलिमीटरचे मिळाले तर उत्तम. ते पाणी पीत नाहीत, त्यामुळे ओलाव्याने फुगत नाहीत. फेव्हिकॉल मात्र त्यांना नीट धरत नाही. पृष्ठभाग पॉलिश पेपरने आधी खरवडून घ्या. लहान तुकड्यांना ते पुरे आहेत. दोन फुटी लादीला एकटे पुरत नाहीत, आपल्याच वजनाने लवतात, खाली चौकट लागतेच.

गवंडी वाळू का घालतो

भेगांवरचा खरा उपाय मला एका गवंड्याने सांगितला, आमच्या इमारतीचं प्लास्टर चालू असताना. मी त्याला तडकलेली टेकडी दाखवली. त्याने नखाने एक खपली काढली आणि म्हणाला, "यात नुसता मसाला आहे, वाळूच नाही. नुसतं सिमेंट भिंतीवर थापलं तर ते पण असंच फुटेल." वाळूचा कण पाणी पीत नाही, आकसत नाही. कणाला कण टेकून उभा राहतो, आणि मधल्या फटींमधला मसालाच काय तो आकसतो. जेवढा मसाला कमी आणि कण जास्त, तेवढं आकसणं कमी.

घरात त्याला पर्याय म्हणजे पांढरी रांगोळी. ती दगडाची पूड असते, कण एकसारखा असतो, आणि 1/72 च्या मापाला वाळूपेक्षा शोभून दिसते, कारण वाळूचा खडा त्या मापात धोंड्यासारखा दिसतो. माझं प्रमाण असं: तयार पुट्टी दोन वाट्या, चाळलेली रांगोळी दीड वाटी, फेव्हिकॉल अर्धी वाटी, आणि रंग येईपर्यंत स्टेनर. पाणी लागलंच तर चमच्याने, श्रीखंडाइतकं दाट. एका वेळी दोन मिलिमीटर, जास्त नाही. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा.

स्टेनर म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या बाटल्या, रंगारी डिस्टेंपरमध्ये छटा आणायला वापरतात त्या. मैदानासाठी त्यांच्याइतकी कामाची वस्तू माझ्या पाहण्यात नाही. पुट्टीतच मातकट रंग कालवला की खेळताना कोपरा आपटून टवका उडाला तरी आत पांढरं दिसत नाही. पावडरच्या पुट्टीत घालायचा असेल तर ऑक्साइडचे पिवळे आणि लाल घ्या, सिमेंटच्या क्षारात ते टिकतात. आणि हात आखडता ठेवा. अर्धी बाटली ओतली तर थर आठवडाभर चिकट राहतो.

पुट्टीने उंची भरायची नाही, हे एवढं पाळलं तरी निम्म्या भेगा कमी होतात. उंची थर्माकोलची, कागदाच्या लगद्याची, किंवा पीओपीची. पीओपीचं पाण्याशी नातं वेगळं आहे, म्हणून तो जाड थरात चालतो. त्यातलं काही पाणी उडून न जाता त्याच्यातच बांधलं जातं, आणि घट्ट होताना तो आकसत नाही, उलट किंचित फुगतो. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही. आणि पिशवी उघडून महिनोन्‌महिने पडलेला पीओपी हवेतल्या ओलाव्याने मेलेला असतो, तो घट्ट होतच नाही. थोडासा वाटीत कालवून बघा, पाऊण तासानेही मऊ असेल तर टाकून द्या. उरलेला कालवलेला पीओपी बेसिनमध्ये ओतू नका, नळी कायमची बुजते.

गोणपाट

माझं बालपण सातारचं. दिवाळीत मामाच्या अंगणात किल्ला व्हायचा. विटा, दगड, वरून चिखल, उतारावर अळीव पेरलेलं, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. आम्ही मुलं नुसता चिखल थापायचो आणि वसुबारसेला केलेला किल्ला धनत्रयोदशीला तडकलेला असायचा. मग मामा एक जुनं पोतं घ्यायचा, ते उसवून पसरायचा, शेण-मातीच्या रबडीत बुडवायचा आणि निथळत्या अवस्थेतच विटांवर टाकायचा. सुरकुत्या पडायच्या त्या तो तशाच ठेवायचा, "डोंगराला घड्या असतातच की रे." त्या किल्ल्याला भाऊबीजेपर्यंत एक भेग जात नसे. सुतळीचा धागा भेगेच्या दोन्ही बाजू धरून ठेवतो, म्हणून भेग उघडतच नाही. पीओपीचं काम करणारे साच्यात काथ्या घालतात तो याच कारणाने, आणि मातीच्या भिंतीत भुसकट घालतात तेही याच कारणाने.

इतकी वर्षं हे हातात असून मला माझ्या लादीवर ते सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. आता माझी प्रत्येक टेकडी अशीच होते. मापाला गोणपाट जाड पडतं, म्हणून मेडिकलच्या दुकानातलं मलमपट्टीचं गॉज घेतो. ते फेव्हिकॉल-पाण्यात भिजवून थर्माकोलवर पसरतो, कडा लादीवर दोन बोटं उतरवतो, वाळू देतो. त्यावर रांगोळीची पुट्टी. कडा उतरवणं महत्त्वाचं आहे, कारण सगळ्यांत जास्त भेगा टेकडी आणि लादी जिथे मिळते तिथेच पडतात.

आधीच पडलेली रुंद भेग दुरुस्त करायची तर ती आधी मोठी करावी लागते. कटरच्या टोकाने तिच्या दोन्ही कडा तिरक्या तासा, ब्रशने धूळ काढा, पातळ फेव्हिकॉल आत सोडा, वरून रांगोळीची पुट्टी दाबून भरा, आणि ती ओली असतानाच गॉजचा एक पट्टा वर बसवा. घासताना तोंडाला मास्क हवाच, पुट्टीची धूळ छातीला वाईट.

एकाने मला विचारलं होतं की मराठवाड्यातली काळी माती तडकतेच, मग भेगा राहू दिल्या तर काय हरकत? प्रश्न चांगला आहे, आणि मी त्याचा विचारही केला. एक मिलिमीटरची भेग 1/72 मध्ये सात सेंटीमीटरची होते, आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला तेवढ्या भेगा पडतात खऱ्या. पण लढाई सप्टेंबरच्या शेवटी झाली, पावसाळ्यानंतर, नद्यांना पाणी असताना. त्या दिवसांत रान भेगाळलेलं नसतं. मे महिन्यातल्या लढाईचं मैदान करणाऱ्याने जरूर ठेवाव्यात.

थर्माकोलची वेगळी तऱ्हा

इथे दुखणं पाण्याचं नसून थिनरचं असतं. स्प्रे पेंट मारला आणि टेकडीत खड्डे पडले, असं कोणी सांगितलं की कारण शोधायला लागत नाही. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल विरघळवतं. एनसी थिनर, रबराचा सोल्युशन गोंद, झटपट चिकटवणारा गोंद, सगळ्यांचा थोडाफार तोच परिणाम. आधी गॉज आणि पुट्टीचा थर पूर्ण बसला असेल, कुठेही पांढरा दाणा उघडा नसेल, तरच वरून स्प्रे. कुठलीही नवी बाटली आणली की उरलेल्या तुकड्यावर कापसाने लावा आणि दहा मिनिटं थांबा. लाखेचं स्पिरिट पॉलिश थर्माकोलला काही करत नाही, ही जमेची बाजू.

थर्माकोलचे दोन मोठे तक्ते फेव्हिकॉलने एकमेकांवर चिकटवले तर मधला गोंद वाळतच नाही, कारण त्यातल्या पाण्याला बाहेर यायला वाटच नसते. तीन आठवड्यांनी माझ्या टेकडीचा वरचा थर हातात आला आणि मधे गोंद दह्यासारखा होता. पूर्ण पृष्ठभागावर गोंद फासायचा नाही. ठिपके द्यायचे, मधे मोकळ्या वाटा ठेवायच्या, आणि अगरबत्तीच्या उरलेल्या काड्या खिळ्यासारख्या आरपार घुसवायच्या. काड्याच टेकडी धरून ठेवतात, गोंद सावकाश वाळू दे.

महाराष्ट्रात 2018 साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. मी नवा विकत घेत नाही, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला जपून ठेवतो. गरम तारेने कापताना धूर येतो, गॅलरीत कापा. उरलेला जाळू नका.

स्वयंपाकघरातलं आणि इतर

वापरलेल्या चहाचा चोथा माळरानावरच्या पाचोळ्यासारखा दिसतो. धुऊन, तव्यावर मंद आचेवर अगदी कोरडा होईपर्यंत परता. दूध-साखर राहिली किंवा ओल राहिली तर पंधरा दिवसांत बुरशी, आणि ती फेव्हिकॉलवरही पसरते. भुशाचंही तसंच, आधी चाळा, स्टेनरच्या पाण्यात रंगवा, कडक वाळवा. नारळाच्या शेंडीचा काथ्या नदीकाठच्या उंच गवताला, केरसुणीच्या शिरा लव्हाळ्याला. पिठाची खळ मैदानावर नको. झुरळं आणि कसर येते. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात ते त्यासाठीच, पण मोरचूद विषारी, मुलं हाताळणार असतील तिथे ते नकोच.

एम-सीलचं मात्र वेगळं कौतुक. त्यात पाणी नाही, ते दोन भागांच्या मिश्रणाने घट्ट होतं, म्हणून आकसत नाही आणि तडकत नाही. असई गावाच्या तटाचे कोपरे, तोफांची चाकं, सैनिकांची पागोटी मी त्यानेच करतो. दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा. रेघ राहिली तर तेवढा भाग मऊच राहतो. बोट ओलं केलं की पृष्ठभाग गुळगुळीत होतो.

पावसाळ्यात शेवटचं वॉर्निश स्प्रेने मारू नका. द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि सगळं मैदान पांढुरकं होतं. ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट वॉर्निश घ्या, किंवा दसऱ्यापर्यंत थांबा.

ठेवणं

लाद्यांचं मैदान ही कल्पना जुनी आहे. प्रशियात बॅरन फॉन रायस्विट्झ याने आपला युद्धखेळ आधी ओल्या वाळूवर मांडला होता. राजाला दाखवायची वेळ आली तेव्हा वाळू बरी दिसणार नाही म्हणून 1812 साली त्याने चौकोनी तुकड्यांनी मांडता येणारं टेबलच करून दिलं. तुकडे बदलले की नवं मैदान. मला त्यात भावतं ते हे की वाळूतली टेकडी मोडून टाकावी लागते, चौकोन मात्र फडताळात ठेवता येतात. पण ठेवायचे कसे हेही शिकावं लागतं.

लाद्या भिंतीला टेकून उभ्या ठेवू नका, महिन्याभरात कमान होते. आडव्या ठेवा, दोन-दोन तोंडाला तोंड करून, मधे लाकडी ठोकळे, म्हणजे टेकड्या चिरडत नाहीत. बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. पलंगाखाली फरशीवर थेट नको, खाली पट्ट्या घाला. जून लागायच्या आधी खालच्या बाजूचं पॉलिश कुठे खरवडलं आहे का बघून तिथे एक हात मारा.

गेल्या रविवारी सहाही लाद्या जोडल्या. गावाची लादी मी सगळ्यांत जास्त जपली होती, कारण 74 वी हायलँडर पलटण असईच्या दिशेने सरकली आणि गावातल्या मराठी तोफांसमोर कापली गेली, ते सगळं त्या दोन फुटांत घडतं. तिच्यावर फूटपट्टी ठेवली, नाणं सरकलं नाही. मैदानावरच्या दुसऱ्या, जुई नदीच्या लादीचा एक कोपरा अजून मिलिमीटरभर वर आहे. तिथे खालून चौकटीला आणखी एक स्क्रू मारायचा आहे, या शनिवारी.